मोठ्या ड्रमचा बिल्ला

मोठ्या ड्रमवरचं लाल चमकीचं वेष्टण सोलता सोलता ऑर्लीन बास्किनचा हात बिल्ल्यापाशी येऊन थांबला. वेष्टण काढायचं तर आधी बिल्ला काढायला हवा. बिल्ला ड्रममधली हवा जायला ठेवलेल्या भोकात एका पितळी कडीने अडकवलेला असतो. आतून कडीची किनार उलटी वळवली की तो अलगद सुटून हातात येतो. ड्रम दुरुस्तीच्या आपल्या दुकानात हे काम तिने शेकडो वेळा केलं होतं. आजही तिने केलं, आणि बिल्ल्याखालची जागा बघून ती स्टुलावर बसली.

बिल्ला होता हॅलरन कंपनीचा, ढालीच्या आकाराचा. खालच्या प्लास्टिकवर मात्र वर्षानुवर्षं दाबून बसलेली एक लंबगोल रेघ होती आणि रेघेच्या दोन टोकांना टाचणीएवढी दोन भोकं. शेजारी याच सेटचे दोन छोटे ड्रम पडले होते. त्यांच्यावर क्राउनडेलचे लंबगोल बिल्ले होते, वर मुकुटाचं चित्र, दोन टाचण्यांनी ठोकलेले. ऑर्लीनने त्यातला एक बिल्ला काढून त्या रेघेवर ठेवला. तो जिथल्या तिथे बसला.

तिने दिवा ओढून ड्रमच्या खोडाच्या, म्हणजे लाकडी पिंपाच्या आत धरला. आत कारखान्याचं कागदी लेबल असतं. इथे ते कुणीतरी पात्याने खरवडलं होतं, पण घाईत. डाव्या कोपऱ्यात मुकुटाचा अर्धा तुकडा राहून गेला होता.

क्राउनडेल म्हणजे टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानाचा ड्रम. त्याच यादीत गाद्या असायच्या, इस्त्र्या असायच्या, कोंबड्यांची खुराडी असायची. हॅलरन म्हणजे ज्याचं नाव निघालं की वादक खुर्ची पुढे ओढून बसत. आणि हा सेट होता चर्चचे सेवक, म्हणजे डीकन, एझ्रा पेटीग्रू यांचा. डेट्रॉइटच्या पूर्वेकडल्या माउंट नेबो चर्चमध्ये सव्वीस वर्षं ते याच सेटवर वाजवत आले होते. ऑर्लीन नऊ वर्षांची असताना, पोरींनी ड्रमवर बसू नये असं चर्चमधल्या सगळ्या बाया म्हणत असताना, त्यांनी तिला उचलून आपल्या स्टुलावर बसवलं होतं. ऑगस्टच्या पुरात चर्चच्या तळघरात गटाराचं पाणी शिरलं आणि सेटचं वेष्टण फुगून सुटलं, तेव्हा डीकननी तो दुसऱ्या कुणाकडे नेला नसता, आणि ऑर्लीननेही नेऊ दिला नसता. येत्या रविवारी चर्चला पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती. आज मंगळवार.

दुपारी डीकनची मुलगी मार्व्हेला दुकानात आली. हातात एक छोटा खोका होता.

"हे बघ काय मिळालं," ती म्हणाली आणि तिने खोका टेबलावर उपडा केला. हॅलरनचे दोन बिल्ले, नवे कोरे, नकली, पण कौतुक करावं इतके हुबेहूब. "छोट्या ड्रमांवर हे लाव. डॅडींनी ते मागाहून घेतलेत ना, म्हणून वेगळे दिसतात. आता तिन्ही एकसारखे दिसू देत."

"मार्व्हेला, छोट्यांवरचे बिल्ले त्यांचेच आहेत."

"असतील. पण ते टिनपाट बिल्ले लोकांना कशाला दाखवायचे? रविवारनंतर सेट काचेच्या कपाटात जाणार आहे. तीनशे कार्यक्रमपत्रिका छापून आल्यात." तिने पर्समधून एक काढून दिली. आत लिहिलं होतं, डीकन पेटीग्रू यांचा १९६४ सालचा हॅलरन सेट.

ऑर्लीनने पत्रिका वाचली, परत दिली. बिल्ल्याखालची रेघ तिने मार्व्हेलाला दाखवली नाही. का नाही दाखवली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"डीकनशी बोलायचंय मला, आधी," ती एवढंच म्हणाली.

"त्यांना कशाला? त्यांना काय, ते म्हणतील फडकं मारून दे. तू लाव." मार्व्हेला दारातून वळून म्हणाली, "आणि हे बघ, डोकं खाऊ नकोस त्यांचं. डॉक्टरांनी दगदग नको म्हटलंय."

ती गेल्यावर ऑर्लीनने ढालीचा बिल्ला पुसला. खाली आकडा कोरलेला होता. हॅलरनवाले प्रत्येक सेटचा आकडा फक्त मोठ्या ड्रमच्या बिल्ल्यावर मारत. दुकानात आलेला प्रत्येक आकडा ऑर्लीन वादकांच्या युनियनकडच्या चोरीच्या यादीशी ताडून बघायची. हा मात्र तिने ताडला नव्हता. डीकनचा सेट कसला ताडायचा? आता तिने संगणक उघडला आणि आकडा टाकला.

आकडा यादीत होता. हॅलरन, निळ्या शिंपल्याच्या रंगाचा, चार ड्रम. मे १९६६ मध्ये डेट्रॉइटमधून चोरीला गेला. मालक हॉबार्ट गेन्स. आणि ती नोंद कधीकाळी करून विसरलेली नव्हती. दर पाच-सात वर्षांनी पत्ता, टेलिफोन बदलून कुणीतरी ती ताजी करत आलं होतं. शेवटचा बदल गेल्या वर्षीचा.

ऑर्लीनने दुकानाचं दार आतून लावून घेतलं. समोरचा ड्रम निळा नव्हता, हॅलरनचाही नव्हता. मग निळा सेट कुठे गेला? हा प्रश्न तिला डीकनना विचारावा लागणार होता, आणि विचारायचा कसा ते तिला सुचत नव्हतं. बिल्ला पुन्हा त्याच भोकात बसवून टाकायला दोन मिनिटं लागली असती. कुणाला काही कळलं नसतं. तिने पितळी कडी हातात घेतलीसुद्धा. मग ठेवून दिली.

बुधवारी सकाळी डीकन स्वतःच आले. सत्तर वर्षांचे, ताठ, बाहेर ऊन असलं तरी टोपी आणि कोट. ऑर्लीनने टेबलावर काही मांडून ठेवलं नव्हतं. बिल्ला मात्र मधोमध होता. डीकनची नजर त्याच्यावर गेली आणि त्यांनी टोपी काढली.

"काढलास तर."

"वेष्टण काढायचं तर काढावाच लागतो, डीकन."

"हो. ते मला माहीत होतं." ते खुर्चीत बसले. "तुझ्याकडे सेट देताना माहीत होतं. तरी दिला."

"हॉबार्ट गेन्स कोण?"

डीकननी टोपीची कड बोटांनी गोल फिरवली.

"सेट तुम्ही घेतलात का?" ऑर्लीनने विचारलं. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"सेट नाही. देवाशपथ, सेट नाही." मग ते बोलत गेले, खाली बघून. "डेक्स्टर रस्त्यावर एक नाचाचा हॉल होता. एकाच संध्याकाळी दोन बँड. आमचा आधी, हॉबार्टचा मागून. माझ्या आईने टपालाने मागवलेला हा सेट, मला त्याचा काय अभिमान होता म्हणून सांगू. आमच्या गाणाऱ्याने माइकवरून, भरल्या हॉलमध्ये विचारलं, काय रे एझ्रा, हा ड्रम कपडे धुवायच्या यंत्राबरोबर फुकट आला का? हॉल हसला. एक मुलगी होती, तीही हसली. मग हॉबार्टने त्याचा हॅलरन मांडला. मांडून तो मागे जेवायला गेला. माझ्या खिशात पेचकस होता."

"किती वेळ लागला?"

"एक गाणं संपेपर्यंत." ते थांबले. "घरी जाऊन माझ्यावर बसवला. आतलं लेबल खरवडलं. वाटलं, एक पितळेचा तुकडा, त्याला दुसरा मिळेल. आणि अकरा दिवसांनी त्याच्या गाडीतून सगळा सेट गेला."

"तो तुम्ही..."

"नाही म्हटलं ना पोरी. कुणी नेला, मला आजतागायत ठाऊक नाही. पण पोलिसांना तो एका गहाणवाल्याच्या दुकानात सापडला. हॉबार्ट पावती घेऊन धावत गेला. पावतीवर आकडा होता, ड्रमवर नुसतं भोक. गहाणवाला म्हणाला, निळे ड्रम या गावात पन्नास आहेत, तुझाच कशावरून? सेट त्याच्या डोळ्यांसमोर राहिला आणि त्याला मिळाला नाही. त्याने वाजवणं सोडलं. गाड्यांच्या कारखान्यात लागला."

"आणि तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं."

"आठवड्याच्या आत."

बाहेर एक ट्रक मागे घेताना पीं पीं करत होता. ऑर्लीनने उठून खिडकी लावली.

"आता काय करायचं?" ऑर्लीन म्हणाली. "मार्व्हेलाला तिन्ही ड्रमांवर हॅलरन हवंय. मी ते लावणार नाही. पण हा एक, हा जिथे होता तिथे परत लावा म्हणालात तर... ड्रम तुमचा आहे. मी लावेन आणि यादीवाल्यांना फोन करेन. दोन्ही करेन."

डीकननी प्रथमच तिच्याकडे सरळ पाहिलं. "तू करशील. मीच शिकवलंय तुला." ते उठले. "त्याचा पत्ता असेल तुझ्याकडे. मला एकट्याला गाडी चालवायला डॉक्टरांची परवानगी नाही."

गुरुवारी दुपारी ती दोघं हॉबार्ट गेन्सच्या घरी गेली. ऑर्लीनने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की तुमचा आकडा मिळालाय. हॉबार्ट दारातच उभा होता. मोठ्या हाडाचा माणूस, नाकात ऑक्सिजनची नळी, मागे नळकांड्याची गाडी. ऑर्लीन तोंड उघडायच्या आत त्याने आकडा म्हणून दाखवला, सहाच्या सहा अंक, न अडखळता.

"तोच," ती म्हणाली.

"ड्रम कुठेत?"

"ड्रम नाहीत. फक्त बिल्ला आहे."

मग त्याचं लक्ष तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे गेलं. "तू पेटीग्रू ना? टपालाच्या ड्रमवाला?"

"हो," डीकन म्हणाले. "हॉबार्ट, तो बिल्ला मी काढला. त्या हॉलमध्ये, तू जेवायला गेलास तेव्हा."

हॉबार्ट ओरडेल, दार आपटेल, अंगावर येईल, सगळ्याची ऑर्लीनने तयारी ठेवली होती. तो वळून आत गेला आणि सोफ्यावर बसला. दार उघडंच होतं, म्हणून ती दोघं मागून गेली. डीकननी बिल्ला रुमालातून काढून त्याच्यासमोर ठेवला. हॉबार्टने त्याला हात लावला नाही.

"तू," तो म्हणाला. "तू एकट्याने?"

"एकट्याने."

"क्लीटस तिथे नव्हता?"

"तो तुझ्याबरोबर आत जेवत होता."

"तो आधी उठला होता. ड्रमपाशी जातो म्हणाला." हॉबार्टचा श्वास वाजायला लागला. "माझा सख्खा भाऊ. ड्रम तोच उचलायचा, तोच मांडायचा. पोलीस मला म्हणाला, आकडा आधी काढलाय, सेट मागून नेलाय, म्हणजे घरचंच माणूस. मला पटलं. मी त्याच दिवशी त्याला गेलो विचारायला. तो म्हणाला, मी नाही घेतला. मी म्हटलं, मग कोण, वाऱ्याने नेला? तो रडला. मोठा गडी, रडला. मी म्हटलं, चोर रडतातच." तो थांबला. "क्लीटस पाच वर्षांपूर्वी गेला. त्रेचाळीस वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. पुरायलाही गेलो नाही."

ऑर्लीनने डीकनकडे पाहिलं. तिला वाटलं होतं त्यांचा चेहरा पांढरा पडेल, ते धक्क्याने बसतील. ते तसेच उभे होते, मान खाली. आणि तिच्या लक्षात आलं, की ही गोष्ट त्यांना आत्ता कळत नव्हती.

हॉबार्टच्याही ते लक्षात आलं.

"तुला ठाऊक होतं. आम्ही बोलत नाही ते."

"गावात बोलत होते," डीकन हळू म्हणाले. "मी मनाशी म्हणायचो, भावाभावांची भांडणं, शंभर कारणं असतात."

"शंभर नव्हती. एकच होतं."

"हो."

"आणि तू दर रविवारी तो ड्रम वाजवत होतास. देवासमोर."

डीकन म्हणाले, "मला क्षमा कर, असं म्हणायला आलो होतो. आता तोंडाला येत नाही."

"नको म्हणूस." हॉबार्ट गाडीचा दांडा धरून उठला. "मला सांगायचं नाही, आणि तुझ्या देवालाही नाही. ओपलला सांगायचं. क्लीटसच्या बायकोला. ती इथून सहा गल्ल्यांवर राहते. आत्ता. मला तिकडे घेऊन चल, पोरी, हे नळकांडं धर."

"मिस्टर गेन्स, आधी थोडं बसा. तुमचा श्वास..."

"त्रेचाळीस अधिक पाच वर्षं बसलोच होतो की."

ओपल गेन्सच्या घराच्या पायऱ्या चढायला हॉबार्टला चार वेळा थांबावं लागलं. दार ओपलनेच उघडलं. लहानखुरी बाई, हाताला पीठ. दिराला दारात बघून तिने हात पुसले नाहीत, या म्हटलं नाही, फक्त बाजूला झाली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सगळे बसले. डीकननी सांगितलं. या वेळी त्यांनी हॉलमधली मुलगी सांगितली नाही, हसणं सांगितलं नाही. फक्त एक गाणं संपेपर्यंत मी तो काढला, मला ठाऊक होतं, मी बोललो नाही, एवढी तीन वाक्यं.

ओपलने ऐकून घेतलं. मग ती डीकनकडे न बघता हॉबार्टला म्हणाली, "तुला किती वेळ लागला होता रे?"

"कशाला?"

"तो चोर आहे हे मानायला. हे म्हातारं म्हणतंय एक गाणं संपेपर्यंत बिल्ला निघाला. तुला किती लागला?"

हॉबार्टने नाकातली नळी नीट बसवली.

"एक दुपार," ओपल म्हणाली. "एका दुपारी तू आलास, आणि संध्याकाळी तुला भाऊ नव्हता. तो मरेपर्यंत म्हणत होता, हॉबार्ट एक दिवस येईल. मी म्हणायची, यायचा असता तर आला असता." ती उठून ओट्याकडे गेली आणि पिठात हात घातले. पाठमोरीच म्हणाली, "डीकन, तुम्ही जा आता. तुमचं सांगून झालं. हॉबार्ट, तू बस. तुझं व्हायचंय."

गाडीत परत येताना डीकन एकदाच बोलले. "बिल्ला त्याच्याच सोफ्यासमोर राहिला."

"राहू दे," ऑर्लीन म्हणाली.

शुक्रवारी तिने नवं लाल वेष्टण चढवलं, सांधे घासले, खोडाच्या कडा सारख्या केल्या. छोट्या ड्रमांवर क्राउनडेलचे मुकुट परत ठोकले, खरचटलेले, जसेच्या तसे. मोठ्या ड्रमच्या भोकात नुसती पितळी कडी बसवली. क्राउनडेलचा एखादा जुना बिल्ला शोधून लावता आला असता, पण या ड्रमचा स्वतःचा बिल्ला डीकननी अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा गटारात टाकला होता. दुसऱ्याचा आणून लावायला ऑर्लीनचा हात धजेना.

शनिवारी सकाळी मार्व्हेला आली ती भांडायच्या तयारीनेच. मागोमाग डीकन.

"हे काय? भोक? अर्ध्या गावासमोर बोडका ड्रम?"

"बोडकाच राहू दे," डीकन म्हणाले.

"डॅडी, पत्रिकेत हॅलरन छापलंय. उद्या लोक येऊन बघतील. काय सांगू मी त्यांना?"

"हा ड्रम तुझ्या आजीने टपालाने मागवला होता, असं सांग. तीन वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवून. तिच्या ड्रमची लाज वाटली म्हणून मी दुसऱ्याचा बिल्ला चोरला. हेही सांग, सांगवत असेल तर. नाहीतर मी सांगतो."

मार्व्हेला बापाकडे बघत राहिली. एवढं बोलणं तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "चोरला म्हणजे?" तिने विचारलं, आणि मग ऑर्लीनकडे वळून, "तुला माहीत होतं मंगळवारी?"

"अर्धं."

"आणि मला बोलली नाहीस."

"नाही बोलले. चुकलंच."

मोठ्या ड्रमचं पुढचं पान अजून चढवायचं होतं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक ड्रमच्या आत ऑर्लीन आपलं लेबल चिकटवायची. तारीख, काय बदललं, काय मूळचं ठेवलं, म्हणजे पुढे कुणी उघडलं तर फसणार नाही. तिने लेबल काढलं आणि लिहायला बसली. वेष्टण नवं. खोड मूळचं, क्राउनडेल. बिल्ला...

"तेवढं मला लिहू दे," डीकन म्हणाले.

ते टेबलावर वाकले. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं. या ड्रमवर हॉबार्ट गेन्स यांचा बिल्ला होता. तो मी १९६६ साली काढून घेतला. दोष क्लीटस गेन्स यांच्यावर आला. त्यांचा काही संबंध नव्हता. खाली सही.

"आत कोण बघणार आहे हे?" मार्व्हेला म्हणाली.

"कुणीतरी उघडेल. काचेच्या कपाटात मात्र ठेवायचा नाही हा, काय? वाजता ठेवायचा."

ऑर्लीनने खरवडलेल्या जुन्या लेबलाशेजारी नवं चिकटवलं, पान चढवलं, चाव्या आवळल्या. सगळं होईपर्यंत मार्व्हेला खिडकीशी उभी होती. मग तिने गाडीतून पत्रिकांचा गठ्ठा आणला, टेबलावर ठेवला आणि काळं पेन मागितलं. दोघी समोरासमोर बसून हॅलरन हा शब्द खोडत गेल्या. तीनशे वेळा. मधे एकदा मार्व्हेला म्हणाली, "मी अजून तुझ्याशी बोलत नाहीये." ऑर्लीन म्हणाली, "कळतंय."

रविवारी चर्च भरलं होतं. पहिल्या गाण्याआधी डीकन ड्रममागून उठले आणि जे लेबलावर लिहिलं होतं तेच, त्याहून एक शब्द जास्त नाही, उभ्याने बोलले. कुणी आमेन म्हटलं नाही. पुढच्या बाकावरच्या दोन बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. पाद्रीबाबांनी घसा खाकरला. मग डीकन बसले आणि त्यांनी ताल धरला, सुरुवातीला फार हळू, इतका हळू की गाणाऱ्यांना थांबावं लागलं.

हॉबार्ट आला नाही. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही कधी माउंट नेबोत आला नाही. डीकनना त्याने पुन्हा भेटू दिलं नाही. दोनदा पाठवलेलं पत्र न उघडता परत आलं. डीकननी आपलं पद सोडायचं ठरवलं, पाद्रीबाबांनी सोडू दिलं. वाजवणं मात्र कुणी सोडायला लावलं नाही.

नोव्हेंबरात ऑर्लीन एका गिऱ्हाइकाचा ड्रम पोचवायला त्या भागात गेली होती. ओपलच्या घरासमोर रस्त्याला लागून हॉबार्टच्या दारात पाहिलेली त्याची मोटार उभी दिसली. पायऱ्यांच्या बाजूने आता नळकांड्याची गाडी चढेल असा लाकडी उतार बांधलेला होता, ताजं लाकूड, अजून रंग न दिलेलं. ऑर्लीनने वेग कमी केला, थांबली नाही, आणि पुढच्या सिग्नलला उजवीकडे वळली.